सुतळीबद्दल विचारायचं कोणाला?

सुतळी ही एक प्रोग्रामिंगची भाषा आहे. नेटवर शोधून पाहा, गोणपाटाची दुकानं सापडतील, किलोचे भाव सापडतील; भाषा सापडणार नाही. असलं नाव कोण ठेवतं, असं मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, ज्याला बांधाबांध करायची आहे तो येईल की शोधत.

ही भाषा बाबांनी तयार केली आणि उभं आयुष्य सांभाळली. कोणाची पाळी कधी, कोणत्या दोन पाळ्या लागोपाठ चालत नाहीत, असले नियम तिच्यात जवळजवळ बोलतो तसेच लिहिता येतात. मुलगी म्हणून हे सांगत नाही. बस डेपोत नव्याने लागलेली इंजिनिअरच मला म्हणाली, की दुसरीकडे पानभर लागतं ते इथे चार ओळींत मावतं.

हाच डेपो सुतळी सोडायला निघाला होता. बाकी उरलं होतं एक शीतगृह, एक छापखाना आणि असेच दोन-चार किरकोळ. डेपो गेला की सुतळी संपली. बाबा नुकतेच गेले होते; त्यांची औषधंसुद्धा अजून आम्ही आवरली नव्हती.

इंजिनिअर अडली ती रात्रपाळीपाशी. ड्यूटी बाराच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपली, की ड्रायव्हरची विश्रांती चुकीची मोजली जायची. तिने नेटवर शोधलं. एक प्रश्न नाही, एक उत्तर नाही. कोणीही काढेल तोच अर्थ तिने काढला: ही भाषा कोणी वापरत नाही.

वापरत होते. पण सगळे बाबांना फोन करत होते. बाबा भरल्या ताटावरून उठायचे, आई त्यावर दुसरं ताट झाकायची, आणि बाबा इथूनच त्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून दुरुस्ती करून द्यायचे. आई म्हणायची, एवढ्या वेळात मी आणखी दोन पोरं वाढवली असती. मी पुस्तकांचं संपादन करते. हे सगळं लिहून लोकांसमोर ठेवू या, असं मी किती वेळा सुचवलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "दारात आलेल्या माणसाला पाटीकडे बोट दाखवायचं का?"

इंजिनिअर भली होती. वापरणारी माणसं एका जागी दिसू द्या, मग मी वरच्यांशी भांडते, असं तिने सांगितलं. मी नेटवर एक पान उघडलं आणि एकेकाला फोन लावला. शीतगृहाच्या मॅनेजरना हीच रात्रपाळीची अडचण आली होती. साहेबांनी, म्हणजे बाबांनी, काहीतरी केलं, तेव्हापासून चालतंय, काय केलं ते बघितलं नाही, असं ते म्हणाले. मग निदान अडचण तरी लिहा, असं मी विनवलं. "ताई, चारचौघांत कशाला स्वतःचं हसं करून घ्यायचं?" ते म्हणाले. "साहेब कधी हसले नाहीत हो."

छापखान्याच्या मालकीणबाई दर वेळी उद्या लिहिते म्हणायच्या. गेलेल्या माणसावर चिडता येत नाही, म्हणून शेवटी मी त्यांच्यावर आवाज चढवला. त्यांनी शांतपणे विचारलं, जेवलीस का गं? पानावर मी लिहिलेलं 'नमस्कार, काहीही विचारा' तेवढं राहिलं.

बैठकीला मला बोलावलं हेच खूप होतं. डेपोप्रमुखांनी आधी बाबांबद्दल चांगले शब्द काढले. ड्यूट्या लावणाऱ्या बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. रोजचं काम त्यांचं, पण त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. मी सुतळीची बाजू मांडली. इंजिनिअरने मान हलवत सगळं ऐकलं.

"मॅडम, भाषेत खोट नाही," ती म्हणाली. "मी अडले तर कोणाला विचारू? एक नाव सांगा. एकच."

माझ्या तोंडात एकच नाव होतं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

प्रमुखांनी नवी प्रणाली घ्यायचं ठरवलं. इंजिनिअर माझ्याकडे न बघता लॅपटॉपची वायर गुंडाळत राहिली. भांडायला तिच्या हातात मी काहीच दिलं नव्हतं.

बाहेर जिन्यापाशी ड्यूट्या लावणाऱ्या बाईंनी मला गाठलं. डोळे भरले होते त्यांचे. "साहेब असते ना ताई, तर एका फोनवर काम झालं असतं."

"तेच तर झालं इतकी वर्षं," मी म्हणाले.

त्यांना ते सांत्वन वाटलं असावं. त्यांनी माझा हात दाबला, मागे कोणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. नवीन येईपर्यंत जुन्यावरच काम करायचं होतं, आणि सुट्टीवरच्या कंडक्टरचं नाव पुन्हा पुन्हा तक्त्यात येत होतं. हे कधीपासून होतंय, मी विचारलं. बरेच दिवस, त्या म्हणाल्या.

"मग आत का नाही विचारलंत? सगळे होते."

"छे, सगळ्यांसमोर कसं विचारणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी असता का हो संध्याकाळी?"