तिसरी गोळी

सासूबाईंच्या पहिल्या दोन गोळ्या आठवणीच्या, तिसरी शांत राहण्याची. ती तिसरी खरं तर आम्हाला हवी होती, पण जात होती त्यांच्या पोटात. मला राग यायचा तो याचाच.

ती सुरू होण्याआधी रोज संध्याकाळी त्या गाठोडं बांधून येरझाऱ्या घालायच्या. आतली खोली, बाहेरची खोली, पुन्हा आत. "हिंमता आला न्हाय अजून?" त्यांचं माहेर ईट गावचं. दर पंचमीला त्यांना न्यायला येणारा मुराळी म्हणजे धाकटा भाऊ हिंमतराव. हे मामा वारून बरीच वर्षं झालीत, ते त्या विसरल्या. मुराळ्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे मात्र पक्कं लक्षात! कळंबमधल्या आमच्या एवढ्याशा घरात त्या येरझाऱ्यांनी जीव नकोसा व्हायचा. शेवटी माझा नवरा, रणधीर, डॉक्टरांकडून तिसरी गोळी घेऊन आला.

त्या शांत झाल्या. इतक्या, की घास तोंडातच राहायचा.

"झोपतीय ना, बरंय की," रणधीर म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "बरंय कुणाला?"

दोन महिन्यांनी मीच त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. चिठ्ठी बघून डॉक्टर वैतागले. "ही थोड्याच दिवसांसाठी होती. हल्ली सगळीकडं हेच. परत दाखवायला कुणी येत नाही, मेडिकलमधून गोळी चालूच." ती हळूहळू कमी करत बंद करायला सांगून ते म्हणाले, "पण येरझाऱ्या परत सुरू होतील. झेपेल?"

"झेपेल," मी म्हणाले खरी, पण आतून टरकले होते.

गोळी बंद झाली आणि गाठोडं पुन्हा निघालं. आत, बाहेर. "मला कुणीच न्हाय का रं न्यायला?" त्या रडायलाच लागल्या. रणधीर उठला. मग मागच्या दारानं गेला आणि पांढरी टोपी घालून पुढच्या दारात उभा राहिला.

"अक्का, न्यायला आलो."

"लई उशीर केलास की रं!"

मोटरसायकलवर पुढं रणधीर, मधे गाठोडं धरून त्या, मागं त्यांना धरून मी. येरमाळ्याच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आलो. दारात उतरल्या त्या अगदी निवांत, माहेर करून आल्यासारख्या. मला इतकं हलकं वाटलं! रणधीर टोपी काढायला गेला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"लगीच जाऊ नको, हिंमता. च्या घे. माझा रणधीर यील एवढ्यात. मामा न भेटताच गेला म्हणून रुसंल लेकरू."

"थांबतो, अक्का," रणधीर म्हणाला, आणि स्वतःचीच वाट बघत पायरीवर बसला.