फ्रिज असलेलं घर

अमिनाबीच्या फॉर्मवर मीच टिक केली होती. फ्रिज, आहे.

आमच्या मदत केंद्राचा नियमच आहे, घरात फ्रिज असेल तर तातडीचं रेशन नाही. नियम मी केला नव्हता. मी फक्त हडपसरच्या वस्त्यांत घरोघर जाऊन बघायचे. नववीत शाळा सोडली, घरी बसून रोज आईशी भांडणं, म्हणून तिनेच मला इथे लावलं. पैसे मिळत नाहीत. पण केंद्र चालवणाऱ्या सरोजिनीताई म्हणायच्या, "शालू, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही." ते मला आवडायचं. एका घरात टीव्हीवर चादर टाकून वर देव मांडले होते, ते मी दारातूनच ओळखलं होतं.

अमिनाबीच्या घरी मी दोन मिनिटंसुद्धा थांबले नाही. तिचा नवरा रहीमचाचा कॉटवर, पायात सळई घातलेली. टेम्पो चालवायचा, तीन महिने कामच नाही. आणि कोपऱ्यात हा एवढा लाल फ्रिज, वर विणलेला रुमाल. आम्हाला मात्र फोन करून सांगतात, घरातलं पीठ संपलंय. माझं डोकं सटकलं. टिक केली आणि निघाले. ती मागून विचारत होती, "बेटी, चहा घेतेस?"

वाटपाच्या दिवशी ती केंद्रावर आली. चाळीस घरांच्या पिशव्या वाटून झाल्या तरी भिंतीशी उभीच. शेवटी टेबलापाशी आली.

"मॅडम, आमचं नाव राहिलं का?"

ताईंनी फॉर्म शोधला. "तुमच्याकडे फ्रिज आहे."

"आहे की."

"मग?"

"त्यात कपडे ठेवते मी. उंदीर फार झालेत."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "उघडून बघितला होतास?"

"लोकांचे फ्रिज उघडत फिरू का आता?"

"नको. तुला बाहेरूनच गार लागला असेल."

मी चप्पल घातली आणि अमिनाबीबरोबर निघाले. रस्ताभर मनात एकच, हिचं खोटं निघू दे.

तिने फ्रिजचं दार उघडलं. आत दिवा लागला नाही. वर नातवंडांचे शाळेचे कपडे, मध्ये चाचाचे एक्स-रे आणि गोळ्या, एका डब्यात मूठभर रवा. मागे हात घातला तर वायर कापलेली.

"जिथे भांडी घासायचे, त्या बाईंनी बंद पडल्यावर दिला," अमिनाबी म्हणाली. "दार घट्ट लागतं ना."

"बघ बेटी, नीट बघ," चाचा कॉटवरून म्हणाला. "खाली भाजीचा ट्रे आहे, तो राहिला."

त्यात चपला होत्या.

मी पळत केंद्रावर आले. ताई कुलूप लावत होत्या.

"बंद आहे तो. माझी चूक झाली. एक पिशवी द्या."

"चाळीस आल्या, चाळीस गेल्या."

"पुढच्या महिन्यात?"

"देणारे पुढच्या महिन्यात येतील का, तेच माहीत नाही. आले तर तिचं नाव लिहू."

"तोवर त्यांनी खायचं काय?"

ताईंचा आवाज चढला नाही. वाटपाची यादी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "कोणाकडून परत आणू, सांग. यादी तुझ्याच हातात आहे."

मी यादी वाचली. श्यामला, नवरा गेलेला, तीन पोरं. गेनबा, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. संपत, हात मशीनमध्ये गेलेला. प्रत्येक घरात मी स्वतः उभी राहून आले होते. कोणाच्या नावावर बोट ठेवायचं? यादी फाडून टाकावीशी वाटली. पण फाडून काय, पिशव्या कधीच घरोघर गेल्या होत्या.

घरी जाऊन आईला न विचारता डब्यातलं पीठ पिशवीत भरलं. जास्त नव्हतंच, आमच्याकडेही महिनाअखेर होती. तसंच अमिनाबीकडे नेऊन दिलं. तिने पिशवी हातात तोलली.

"दोन दिवस जातील," ती म्हणाली. मग विचारलं, "पुढच्या वेळी बघायला कोण येणार? तूच?"

"मीच. बंद आहे म्हणून लिहीन."

"आणि दुसरी कोणी आली तर? ती उघडून बघेल?"

मी तरी कुठे उघडला होता.

"फ्रिज भंगारवाल्याला देऊन टाकते. कपडे दोरीवर टांगीन, कुरतडले तर कुरतडले." ती खोलीभर बघत होती. "अजून काय काढू?"

"चाची, असं नको ना."

"असं नको तर कसं? तुला कळतं त्यातलं. दारात उभी राहा आणि सांग."

मी दारात गेले. नजर आपोआप फिरली. कॉट, पंखा, स्टोव्ह, भांड्यांची फळी. फळीवर झाकणाला सुतळी बांधलेला एक जुना मिक्सर होता.

"मिक्सर," मी म्हणाले.

रहीमचाचाने तोंड भिंतीकडे वळवलं. अमिनाबीने फळीखाली स्टूल ओढलं.