फरशीवरची दीर्घिका

तुळसाने गुडघ्यांवर बसून रांगोळीची पुरचुंडी मनगटावर हलकेच आपटली. फडक्याच्या विणीतून पांढरी भुकटी उतरली आणि कॉलेजच्या हॉलमधल्या काळ्या फरशीवर, सरळ दांड्याच्या टोकाशी बसली. तिथूनच चित्राचा दुसरा हात वळवायचा होता.

"दांडीची जिलबी काय गो ही?" दारातून शिपाई धोंडू म्हणाला.

"तुला जिलबीच दिसायची. पाय मागं घे आधी."

शेजारी विटेखाली एक छायाचित्र दाबलेले होते. धूमकेतूच्या निमित्ताने भरणाऱ्या प्रदर्शनासाठी भौतिकशास्त्राच्या आठल्ये सरांनी ते एका मासिकातून कापून आणले होते. दूरची एक दीर्घिका; मध्ये ताऱ्यांचा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांपासून वळत गेलेले दोन हात. तुळसा कॉलेजात झाडलोट करायची. दिवाळीत तिने ऑफिसच्या दाराशी काढलेली रांगोळी सरांच्या लक्षात राहिली होती.

सर काम बघायला आले, तशी तिने विचारले, "सर, एका कणाला एक तारा धरायचा?"

"एका कणाला पन्नास सूर्य धरलेत, तरी ही रांगोळी पुरायची नाही." सर म्हणाले. "आणि हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता."

तुळसाने बोटांकडे पाहिले. एरवी तिने ती पदराला पुसली असती. आता तिने बोटांची भुकटी पुन्हा पुरचुंडीत झटकली.

त्या संध्याकाळी तिने जयगडच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर वडिलांना निरोप धाडला. शनिवारी पहिल्या गाडीने या, आभाळातलं एक दाखवायचं आहे, तुम्ही कधी बघितलं नाय असं. तिच्या बापाने, गंगाराम तांडेलाने, चाळीस वर्षे चांदण्यांवर होडी हाकली होती. आभाळातले काही नवे त्याला आजवर कोणी सांगितले नव्हते.

शुक्रवारी दिवसभर गर्दी होती. मुले, बायका, बंदरावरची माणसे, सगळी दोरीबाहेरून वाकून बघत होती. आठल्ये सर मात्र एकदा छायाचित्राकडे, एकदा फरशीकडे बघत. "छान आहे," एवढेच ते म्हणाले.

चार वाजता प्राचार्यांची सूचना आली. उद्या नऊला परीक्षा. हॉल आजच साफ हवा.

"सर, माझा बापूस उद्या सातला येतोय. तेवढं बघून जाईल."

"मी विचारून आलो, तुळसाबाई. नाही म्हणाले."

तिने केरसुणी आणली. आधी हात झाडले, मग दांडा. दोन सुपल्या भरल्या. धोंडूने तिच्या हातातून त्या घेतल्या आणि बाहेर नेल्या. मग तिने फडके बादलीत बुडवून पिळले.

"थांबा," सर दारातून म्हणाले. "ओलं फडकं नको."

भुकटी दगडाच्या रंध्रांत उतरली होती. केरसुणीला जे निघाले नाही, ते फरशीवर राहिले होते. रोखून बघितले की नाहीसे व्हायचे, नजर जराशी बाजूला नेली की परत यायचे. दांडा. दोन हात.

सर उकिडवे बसले.

"मोठ्या दुर्बिणीतून मी हिला एकदाच पाहिलंय," ते म्हणाले. "अश्शीच होती."

सकाळी बाके अजून भिंतीलाच होती. गंगाराम आला तो पिशवी काखेत मारून, भराभर चालत. उंबऱ्याशी थबकला. कुठे उभे राहायचे, कसे बघायचे, हे तुळसा त्याला सांगणार होती. तिने तोंड उघडलेही.

रिकाम्या फरशीकडे तो क्षणभर रोखून बघत राहिला. मग, अंधुक चांदणी हेरताना बघायचा तशी, त्याने नजर किंचित बाजूला नेली.

पिशवी खाली ठेवून त्याने उंबऱ्याबाहेरच वहाणा काढल्या.