मागच्याच्या मागच्या प्रश्नाबद्दल

मला घरात तोफ म्हणतात. माहेरी म्हणायचेच, आणि सासरी आल्यावर सासूबाईंनी कुणी न सांगता पंधरा दिवसांत तेच नाव शोधून काढलं. दातांच्या एका दवाखान्यात मी नऊ वर्षं बाहेरच्या टेबलावर बसते. फोन घ्यायचे, वेळा द्यायच्या, रांग मोडणाऱ्यांची हजेरी घ्यायची, हे माझं काम. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की आमच्या डॉक्टरीणबाई आतून यंत्र बंद करून सांगतात, जरा दमानं घ्या, पेशंट माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त घाबरतोय.

त्याच डॉक्टरीणबाई दुसरा दवाखाना काढणार होत्या आणि तो मी सांभाळायचा असं ठरलं. अगदी चाव्यांसकट. अट एकच, दवाखान्याच्या व्यवस्थापनाचा कोर्स पास व्हायचा. परदेशातल्या कॉलेजचा, ऑनलाइन, आठवड्यातून एकदा, आमच्याकडे सकाळी साडेसहाला. वर्गात चर्चा असते म्हणे, तिचेही गुण असतात. मी म्हटलं, मग काय, घरचंच कार्य.

आणि तिथे माझी दातखीळ बसली.

झालं असं, की वर्गात चोवीस चौकटी. शिकवणाऱ्या बाई प्रश्न टाकायच्या आणि त्यांच्याकडची पाचसहा मुलं लगेच सुरू व्हायची, एकाचं संपायच्या आत दुसरा. मी पडले शिस्तीची. आधी उत्तर मनात मराठीत जुळवायचं, मग वहीत इंग्रजीत लिहायचं, मग व्याकरण तपासायचं आणि कुणी थांबलं की बोलायचं. कुणी थांबायचंच नाही. माझं वाक्य नटूनथटून दारात येईपर्यंत चर्चा तिसऱ्या प्रश्नावर गेलेली असायची. आता मागचं उकरून काढावं तर अख्खा वर्ग म्हणणार, ही बया इतका वेळ झोपली होती का. मग मी ते वाक्य खोडायचे आणि पुढचं जुळवायला घ्यायचे.

शेवटी बाई विचारायच्या, कुणाला काही विचारायचंय का. आमच्या शाळेत हा प्रश्न ज्यांना काही कळलं नाही त्यांच्यासाठी असायचा, आणि मला मेलं सगळं कळलेलं असायचं. सात आठवड्यांत एक वही भरली आणि तोंडातून एक अक्षर निघालं नाही.

सासूबाई मात्र खूश होत्या. कॅमेऱ्यात दिसणार नाहीत अशा बेतानं त्या टेबलाच्या पलीकडे भाजी निवडत बसायच्या आणि माझ्याकडे कौतुकानं बघायच्या. ही दीड तास गप्प बसू शकते, हे त्यांना बारा वर्षांत ठाऊक नव्हतं. हा वर्ग रोज ठेवता येईल का, असं त्यांनी मला अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं.

आठव्या आठवड्यात पत्र आलं. चर्चेतल्या सहभागाला वीस गुण, त्यात मला शून्य. निदान आठ नाही मिळाले तर नापास, आणि वर्ग उरलेत दोन. खाली बाईंनी आपुलकीनं लिहिलं होतं, की तुमचा स्वभाव फार शांत आहे हे मी समजू शकते.

शांत स्वभाव! मी ते सासूबाईंना मराठीत करून सांगितलं. त्या इतक्या हसल्या की हातातली जुडी खाली पडली. मला मात्र रडू फुटलं, आणि ते पाहून त्या थांबल्या. चाव्या जातील का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, जातील. मग त्यांनी माझी वही ओढून घेतली. इंग्रजी त्यांना येत नाही, पण खाडाखोड कुणालाही वाचता येते.

"दवाखान्यात भांडतेस ते आधी वहीत लिहून घेतेस का गं?"

"तिथे माझ्या चुका कुणी काढत नाही, आई."

"हो, तिथे तू दुसऱ्यांच्या काढतेस," त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

मला लागलं ते. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

पुढच्या वर्गात बाईंनी विचारलं, वेळ ठरवूनही पेशंट येत का नाहीत. आता हा तर माझा घास. मुलांनी धडाधड उपाय सांगितले, संदेश पाठवा, दंड लावा, अ‍ॅप काढा. मला उत्तर तोंडपाठ होतं, तरी हात गेला तो वहीकडेच. दोन ओळी लिहून होईतो वर्ग फायलींवर गेला आणि तिथून बाहेरच्या खुर्च्यांवर. मी ओळी खोडायला लागले. तेवढ्यात सासूबाई उठून आल्या, माझ्या हातून वही काढून घेतली, मिटली आणि ती मांडीवर घेऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. आता माझ्याकडे फक्त तोंड उरलं.

मी माइक चालू केला. "मॅडम, मागच्याच्या मागच्या प्रश्नाबद्दल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. खुर्च्यांवर बोलणारा मुलगा गप्प झाला.

मग जसं आलं तसं मोडकंतोडकं सांगितलं. दाढेच्या उपचाराची पहिली खेप झाली की ठणका थांबतो आणि माणूस दुसरी वेळ चुकवतो, इथवर ठीक. पण पुढे तो तोंडच दाखवत नाही. संदेश त्याला मिळालेला असतो, तारीखही पाठ असते. तो घाबरतो बाहेरच्या टेबलावरच्या बाईला, आणि ती बाई म्हणजे मी. एका म्हाताऱ्या पोस्टमनकाकांना वेळ चुकवली म्हणून मी भर लोकांत झापलं होतं. ते उगवले आठ महिन्यांनी, गाल सुजवून, आणि दारातच माझी माफी मागायला लागले. त्या दिवशी मी कानाला खडा लावला. बाकी कुणाला काय बोलायचं ते बोलते, पण चुकवून उशिरा आलेल्याला मी एवढंच म्हणते, बरं झालं आलात. हे तीन शब्द मला इंग्रजीत सुचेनात, म्हणून मी ते मराठीतच बोलले आणि मग अर्थ सांगितला.

"एकदा वेळ चुकली की लाज वाटते," मी म्हणाले, "आणि लाजेपायी माणूस येतच नाही." हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी पेशंटबद्दल बोलत नाहीये. "मॅडम, मीसुद्धा इथे सात आठवडे तशीच बसलेय."

मला वाटलं, नेट गेलं. मग अगदी खालची, कायम काळी असणारी एक चौकट उजळली. कुठल्यातरी तिसऱ्याच देशातला एक माणूस, अंगात इस्पितळाचे कपडे. तो वरमून म्हणाला, की त्याला तिसऱ्या आठवड्यातल्या प्रश्नाबद्दल बोलायचंय, चालेल का. त्याच्यामागे आणखी एक चौकट उजळली, कडेवर मूल घेतलेली बाई. मग आणखी दोन.

बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि पुन्हा घातला. मग एकेक अक्षर जपून उचलत त्या मराठीत म्हणाल्या, "बरं झालं आलात."

सासूबाईंना तासभरात पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं आणि त्या कॅमेऱ्यात पुरत्या दिसत होत्या, त्यामुळे ते आपल्यालाच म्हटलंय असं त्यांनी धरलं. "आता आलेच आहे तर बसते थोडा वेळ," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, आणि खरोखर शेवटपर्यंत बसल्या.

शेवटचा वर्ग बाईंनी सगळाच्या सगळा मागच्या प्रश्नांना दिला. मी वही आणलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी निकाल आला, सहभागाचे वीसपैकी पंधरा, कोर्स पास. चाव्या माझ्या. खाली बाईंनी शेरा मारला होता, तो मी सासूबाईंना मराठीत करून सांगितला: पाच गुण कापले, कारण शेवटच्या वर्गात तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलूच दिलं नाही.

सासूबाईंनी समाधानानं मान डोलावली.

"आता ओळखलं त्यांनी तुला," त्या म्हणाल्या.