रिठ्याचं पाणी

समुद्रात सांडलेल्या तेलाचा तवंग फोडून त्याचे बारीक थेंब करणारं, पण माशांना न मारणारं औषध बनवायचं, यात माझी चार वर्षं गेली. बनारसमध्ये बसून समुद्राची कसली चिंता, असं विद्यापीठात सगळ्यांचं विचारून झालं. मी असल्यांना उत्तर देत नाही. पण खरं सांगायचं तर मला ते आईमुळे सुचलं.

आम्ही मंगला गौरीच्या देवळाजवळ राहायचो. आई आणि कालिंदीमावशी आजोबांची रेशमी सोवळी घाटावर नेऊन बादलीत, रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या. समईच्या तेलाचे डाग बघता बघता सुटायचे. तो आंबूस वास अजून आठवतो. आई जाऊन दोन वर्षं झाली. रिठ्यापासून केलेल्या औषधाला मी तिचंच नाव दिलं, पद्मा. खाऱ्या पाण्यावरचा काळा तवंग त्याने फुटला, त्या दिवशी मी चक्क रडले.

अहवाल शुक्रवारी जायचा होता. पद्मा पास झाली तरच पुढचं काम, नाहीतर प्रकल्प बंद.

"माशांवरची चाचणी राहिलीय," माझा सहकारी सुमंत म्हणाला.

मी त्याच्यावर उखडलेच. "आईने जन्मभर वापरलेला रिठा कुणाला मारणार आहे?" अहवालात मी 'निर्धोक' लिहूनही टाकलं होतं. तरी त्याने औषधाच्या पाण्यात वीस मासे सोडले. दुपारपर्यंत वीसही उलटे तरंगत होते.

संध्याकाळी मावशीकडे जाऊन सगळं सांगितलं. ती भाजी निवडता निवडता हसली.

"अगं, रिठ्याने मछली मरतेच! म्हणून तर ताई ते पानी गंगेत टाकू नाही द्यायची. नदी समोर, तरी बादली वर गल्लीत नेऊन ओतायला लावायची. आणि न्यायचं कोण? तूच ना! केवढी कुरकुर करायचीस!"

करायचे खरी. बादलीची कडी बोटांत रुतायची, तेही आठवलं. मला फार लाज वाटली.

घरी येऊन 'निर्धोक' खोडलं आणि लिहिलं: वीस मासे, वीस मृत. प्रकल्प गेला, हे मला कळत होतं. पण रडू आलं ते त्याचं नाही. घाटाच्या पायऱ्या चढताना मी दर वेळी आईवर चिडायचे. पाणी वर का न्यायचं, हे तिला एकदाही विचारलं नव्हतं.