शोभेचं आठवं टेबल

माझी मावशी लग्नं जुळवते, फक्त त्यात नवरा-नवरी नसतात. एका बाजूला पैसेवाले गुंतवणूकदार, दुसऱ्या बाजूला नव्या कंपन्या काढून खिसे फाटलेली मंडळी. गुंतवणूकदार आपापल्या टेबलाशी बसून राहतात. घंटी वाजली की बाकीच्यांनी उठून पुढच्या टेबलावर सरकायचं. या वेळी घंटी चक्क माझ्या हातात होती! शाळेच्या भाषण स्पर्धेत पहिली आल्यापासून मावशीचा माझ्यावर भलताच विश्वास बसलाय.

तिचा एक नियम आहे: जितके गुंतवणूकदार, तितकीच टेबलं. सात जण येणार होते. पण सात टेबलांची रांग भिंतीशी अपुरी दिसत होती, म्हणून मी आठवं मांडलं. शोभेला.

मध्येच पाहिलं तर तिथे एक काका बसलेले. राखाडी कोट, दोन्ही हात टेबलावर पालथे. त्यांना आत येताना मी पाहिलंच नव्हतं, आणि दारात तर मीच उभी होते.

"मावशी, ते कोण गं?"

मावशीने नजरेनेच टेबलं मोजली आणि तिचा चेहरा उतरला. "आठवं कुणी मांडलं? अगं, रिकामी खुर्ची ठेवली की कुणीतरी येऊन बसतंच!"

तेवढ्यात तिथून उठलेली, रद्दीच्या विटा बनवणारी ताई पाणी प्यायला आली.

"काय ताई, विटा आवडल्या का त्यांना?"

"कसल्या विटा?" ती हसली. हातातली नमुन्याची वीट ती अशी फिरवून बघत होती, जणू कुणीतरी ती तिथे विसरून गेलंय.

आणि काका पुढच्या मुलाला विटा समजावून सांगत होते. ताईसारखंच, दर वाक्याआधी "म्हणजे बघा ना" म्हणत.

त्यानंतर नंबर माझ्या दादाचा होता. औषधांच्या थंड पेटीवर लक्ष ठेवणारं यंत्र त्याने नोकरी सोडून, आमच्या स्वयंपाकघरात बसून बनवलंय. दुसरं काहीच नाही त्याच्याकडे.

मी घंटी मुठीत गच्च दाबली. वाजवायचीच नाही! काकांनी माझ्याकडे बघत टेबलावर एक बोट टेकवलं. घंटी माझ्या मुठीत वाजली.

दादा उठला.

"दादा, तिकडे जाऊ नकोस!"

"गप गं. तेच तर मोठं गिऱ्हाईक दिसतंय."

मी धावले आणि त्याच्या आधी काकांसमोरच्या खुर्चीत धपकन बसले.

"काय आणलंस?" काकांनी विचारलं.

डोकं चालत नव्हतं, पण माझं तोंड कधी थांबलंय? सुचेल ते बोलत सुटले. बोलताना फार मजा येत होती, एवढंच आठवतं.

मग समोरची खुर्ची रिकामी होती. सगळे माझ्याकडे तोंड करून बसले होते. दादाचे डोळे भरलेले.

"दादा, तुझं यंत्र काय करतं?"

"पेटी तापली की फोन करतं. का गं?"

मी त्याला घट्ट मिठीच मारली! "आणि मी काय सांगितलं?"

"इतकं भारी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "ते ना... थांब हं, आत्ता तर..."

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मावशी ते आठवं टेबल दुमडत होती. "जाऊ दे बाळा," ती म्हणाली, "तुला दुसरं सुचेल."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं. भरभर, आनंदाने, न थांबता बोलत. मी कठड्यावरून वाकून ऐकलं. एकही शब्द कळेना. पण पुढचा श्वास कुठे घेतला जाणार, ते मला दर वेळी आधीच कळत होतं.