स्वखुशीचा कागद

क्रिस्लिनच्या गणवेशाच्या स्कर्टचं बटण त्या सकाळी काही केल्या लागेना. तिची आई नेनिता चुलीपाशी लसणाचा भात परतत होती. तिने पोरीकडे पाहिलं, आपल्या गाऊनची सेफ्टी पिन काढली आणि स्कर्टला लावून दिली.

आमच्या गावात गरोदर पोरीला शाळेतून काढत नाहीत हो. छे, शाळा देवाधर्माची! तिच्या आईला बोलावतात, खुर्ची देतात, पाणी देतात आणि पुढे कागद सरकवतात: ‘मुलगी स्वखुशीने शाळा सोडत आहे.’ आई मुकाट सही करते. क्रिस्लिनच्या पोटातलं मूल ज्याचं, तो जुनरेल त्याच शाळेकडून बास्केटबॉल खेळतो. त्याची खुशी कुणी विचारत नाही. आणि आम्ही सामन्याला जाऊन टाळ्या वाजवतो. लाज वाटायला हवी आम्हाला.

नेनितालाही बोलावणं आलं होतं. पण सहीच्या आधीच क्रिस्लिनने फेसबुकवरची एक पोस्ट मुख्याध्यापिकांपुढे धरली. “मॅडम, गरोदर मुलीला काढता येत नाही. हा बघा कायदा.”

विल्यारेआलबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि हसू दाबलं. “अगं, हा आपल्या देशाचा नाहीच. खाली दुसऱ्याच सरकारचं नाव आहे. एवढंही वाचलं नाहीस? सोमवारी या आणि सही करून टाका.”

“झाली शोभा,” रस्त्यात नेनिता म्हणाली. “तुझ्या वेळेला मीही बसलेच ना घरी? मेले का?”

“मेली नाहीस. पण नर्स व्हायचं होतं तुला, आणि सुकी मासळी विकतेस. मला नाही विकायची.”

नेनिताला ते झोंबलं. ती घराऐवजी चौकाकडे वळली. मग म्हणाली, “चल, नीट कुठे शोधायचं ते शोधू.”

चौकात नाणं टाकून चालणाऱ्या कॉम्प्युटरांची टपरी आहे. गेम खेळणाऱ्या पोरांच्या कलकलाटात दोघी एका स्टुलावर दाटीवाटीने बसल्या. या वेळी क्रिस्लिन लोकांच्या पोस्टकडे फिरकली नाही. तिने सरकारी राजपत्राचं पान उघडलं, कायदा कुठल्या देशाचा ते आधी पाहिलं, मग साल, आणि तो पुढे रद्द झालाय का तेही दुसऱ्या सरकारी पानावर ताडून घेतलं. इंग्रजी मजकूर ती आईला आपल्या बोलीत सांगत गेली. लग्नाशिवाय दिवस गेले एवढ्यावरून कुठलीही शाळा विद्यार्थिनीला काढू शकत नाही.

“साल काय म्हणालीस?”

“दोन हजार नऊ. ऑगस्ट.”

नेनिताचा चेहरा पडला. “तू दहाच्या मार्चमधली. मला घरी पाठवलं तेव्हा नाताळचे कंदील लागले होते. म्हणजे तू पोटात होतीस तेव्हा हा कायदा होता. आणि माझ्या आईने सही केली. कुणी सांगितलंच नाही गं आम्हाला.” ती तिथेच गाऊनच्या बाहीने डोळे पुसत रडली.

सोमवारी खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, कागद आला. नेनिताने छापून आणलेलं कायद्याचं पान त्या कागदावर ठेवलं.

“हा आपल्याच देशाचा आहे, मॅडम. सावकाश वाचा.”

बाईंनी वाचलं. “कायदा ठीक आहे हो. पण शाळेचं नाव? बाकीच्या मुली काय शिकतील?”

“शिकतील की कायदा. मी सही करणार नाही. पोरीला काढायचं असेल तर तुम्ही काढा, कारण तुमच्या हाताने लिहा आणि खाली सहीही तुमचीच करा.”

बाईंनी पेन उचललं. मग कायद्याच्या पानाकडे पाहून त्याला टोपण लावलं. “वर्गात जा, क्रिस्लिन.”

क्रिस्लिन पिन लावलेल्या स्कर्टनिशी वर्गात गेली आणि पहिल्या बाकावर बसली. मागे कुजबुज झाली. तिने वही उघडली.

नेनिता मासळीची टोपली घेऊन थेट टपरीवर आली.

“आता आणखी काय?” मालक म्हणाला. “पोरगी बसली ना शाळेत?”

“ती बसली,” नेनिताने नाणं टाकलं. “माझी शाळा अर्धी राहिलीय. मोठ्या माणसांसाठी काय आहे ते बघायचंय. फेसबुक नको, सरकारचं पान लावून दे.”